मोहेंजोदडो आणि ऊर
सिंधूकाठचे मोहेंजोदडो आणि आजच्या इराकमधल्या युफ्रेटिस नदीकाठचे ऊर ही दोन्ही नगरे इ.स.पू. २५०० च्या सुमारास भरात होती. पण ऊरचे लक्ष देवळाकडे, तर मोहेंजोदडोचे सांडपाण्याकडे अधिक होते, असे मला वाटते. जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ प्रमाणात असलेल्या भाजक्या विटा, घरोघरी न्हाणीघर आणि त्याच्या उतरत्या फरशीवरून गल्लीतल्या झाकलेल्या गटारात जाणारे पाणी, इतकी आखीव व्यवस्था मोहेंजोदडोत दिसते. ऊरला उर-नम्मू राजाने इ.स.पू. २१ व्या शतकात उंच झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढत जाणारे मनोऱ्यासारखे देऊळ, उभारले. तसे देऊळ सिंधूकाठी निर्विवादपणे सापडलेले नाही. लेखनात मात्र पारडे ऊरचेच जड, कारण तिथल्या मातीच्या पाट्यांवरचे धान्याचे हिशेब आज वाचता येतात आणि सिंधूच्या मुद्रांवरचे चार-पाच चिन्हांचे छोटे लेख अजून मुकेच आहेत. गंमत म्हणजे, ऊरच्या राजथडग्यांत सिंधूकडचे तांबूस कार्नेलियन दगडाचे मणी निघाले.