गोष्टीवजा कोडी की तर्ककोडी? निवड करण्यापूर्वी

मोठ्यांसाठीची अवघड कोडी शोधू लागले की प्रामुख्याने दोन प्रकारचे संग्रह समोर येतात. पहिल्या प्रकारात एखादा चमत्कारिक प्रसंग चार-पाच ओळींत सांगितलेला असतो आणि ‘असे का झाले असेल?’ एवढाच प्रश्न असतो. दुसऱ्या प्रकारात नाणी, टोप्या, खरे बोलणारे आणि खोटे बोलणारे लोक असतात, काही अटी असतात आणि त्या अटींवरून एकेक पायरी चढत निष्कर्षापर्यंत पोहोचायचे असते. पहिल्यांना मी येथे गोष्टीवजा कोडी म्हणतो आणि दुसऱ्यांना तर्ककोडी. दोन्ही प्रकारांत मी मनापासून रमलो आहे आणि दोन्ही संग्रह आजही माझ्या कपाटात आहेत. मात्र एकट्याने बसून सोडवायला कोणता संग्रह हाती घ्यावा, हे मलाही कधीतरी ठरवावे लागले. सुडोकू आणि शब्दकोडी मी या तुलनेत घेतलेली नाहीत, कारण ज्यांना ती आवडतात त्यांना कोणाच्या सल्ल्याची गरज नसते.

गोष्टीवजा कोड्यांची बाजू आधी मांडतो, कारण त्यांचे आकर्षण खरे आहे. एडवर्ड डी बोनो यांनी 1967 मध्ये सरळ रेषेत न जाता बाजूने शिरणाऱ्या विचाराची, म्हणजे ‘लॅटरल थिंकिंग’ची कल्पना मांडली आणि पुढे या जातीच्या कोड्यांना तेच नाव चिकटले. अशा कोड्यात माहिती कमी पडत नसते. आपण नकळत धरून चाललेले एखादे गृहीतक आडवे येत असते आणि ते गळून पडले की सगळा प्रसंग एका क्षणात उलगडतो. मानसशास्त्रज्ञांनाही या क्षणाचे कुतूहल वाटत आले आहे. नॉर्मन मायर यांनी 1931 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. छताला टांगलेल्या दोन दोऱ्यांची टोके एकमेकांना बांधायची होती, पण एक दोरी हातात धरली की दुसरीपर्यंत हात पोहोचत नव्हता. एका दोरीला पक्कड बांधून तिला लंबकासारखा झोका देणे हा त्यावरचा उपाय होता. अडून बसलेल्यांच्या समोरून जाताना मायर सहज झाल्यासारखा दोरीला धक्का देत, त्यानंतर अनेकांना उपाय सुचे, आणि तरीही त्यांपैकी बहुतेकांना आपल्याला काही सूचना मिळाली होती याचा पत्ता नसे. गोष्टीवजा कोडे सुटताना नेमके असेच वाटते. उत्तर कोठून आले ते सांगता येत नाही, ते फक्त येते. हा आनंद तर्ककोड्यात क्वचितच मिळतो.

चारचौघांत तर ही कोडी निर्विवाद सरस ठरतात. उत्तर एकाला ठाऊक असते आणि बाकीचे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारत राहतात. कोणी भलत्याच दिशेला जातो, कोणाच्या भाबड्या प्रश्नातून वाट सापडते, आणि गणिताला बिचकणारी व्यक्तीही बरोबरीने खेळते.

माझी अडचण मी एकटा असताना सुरू झाली. लिफ्टमधल्या माणसाचे जुने कोडे बहुतेकांना माहीत असेल. एक गृहस्थ दहाव्या मजल्यावर राहतात. सकाळी ते लिफ्टने थेट खाली उतरतात, पण संध्याकाळी परतताना सातव्या मजल्यावर बाहेर पडून उरलेले तीन मजले जिना चढून जातात. असे का? अपेक्षित उत्तर असे की ते बुटके आहेत आणि त्यांचा हात सातव्या मजल्याच्या बटणापर्यंतच पोहोचतो. आता समजा मी म्हटले की त्यांना रोज तीन मजल्यांचा व्यायाम करायचा असतो, किंवा सातव्या मजल्यावरच्या वृद्ध आईची विचारपूस करून ते वर जातात. कोड्यात दिलेल्या एकाही वाक्याला या उत्तरांनी बाध येत नाही. तरीही शेवटच्या पानावर ती ‘चूक’ ठरतात. चांगले कोडेकार ही फट बुजवण्यासाठी आणखी एक तपशील घालतात : पावसाळी दिवशी मात्र ते थेट दहाव्या मजल्यापर्यंत लिफ्टने जातात, कारण त्या दिवशी बटण दाबायला हातात छत्री असते. तपशील सुंदर आहे आणि त्यामुळे कोडे पुष्कळ आवळले जाते. पण पावसात उघडा जिना निसरडा होतो म्हणून ते जिना टाळतात, असे कोणी म्हटले तर त्यालाही खोडून काढता येत नाही.

हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा बोचत राहिली. कोडे अवघड असल्याची माझी तक्रार नाही आणि उत्तर न सापडल्याचीही नाही. उत्तर सापडल्यावर ते सापडले आहे हे मला स्वतःला कळत नाही, ही माझी तक्रार आहे. प्रत्येक वेळी मागची पाने उलटून कोडेकाराच्या मनात काय होते ते पाहावे लागते. आपले उत्तर अधिक सयुक्तिक वाटले तरी शेवटचा शब्द त्याचाच. समोर माणसे असतात तेव्हा ‘हो-नाही’च्या प्रश्नांनी ही उणीव भरून निघते, कारण चुकीच्या वाटा एकेक करून बंद होत जातात. एकट्याला तशी सोय नसते.

अंकमालिकांचीही मला हीच अडचण वाटते, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. 1, 2, 4, 8, 16 यांच्यापुढे काय, असे विचारले की बहुतेक जण 32 म्हणतील. पण वर्तुळाच्या परिघावर एक, दोन, तीन, चार, पाच असे बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर सर्वांशी सरळ रेषेने जोडला, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त भाग अनुक्रमे नेमके एवढेच पडतात, आणि सहाव्या बिंदूला 31 भाग पडतात. दोन्ही उत्तरे सकारण आहेत. मग कोणते बरोबर, हे मालिका सांगत नाही. ती रचणारा सांगतो.

आता बारा नाण्यांचे कोडे घ्या. बारा नाण्यांत एक खोटे आहे. ते इतरांपेक्षा जड आहे की हलके ते माहीत नाही. वजने नसलेला, दोन पारड्यांचा तराजू फक्त तीन वेळा वापरून खोटे नाणे आणि त्याचा दोष दोन्ही शोधायचे आहेत. कोडे जुने आहे, पण त्याच्याकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. बारा नाण्यांपैकी कोणतेही एक जड किंवा हलके, म्हणजे शक्यता 24. प्रत्येक तोलाचे निकाल तीन : डावे पारडे खाली जाईल, उजवे जाईल किंवा दोन्ही समतोल राहतील. म्हणून तीन तोलांत 27 वेगवेगळे निकाल मिळू शकतात. 24 शक्यतांना 27 निकाल पुरे पडतात, पण जेमतेम. हात सैल सोडायला जागा नाही. पहिल्या तोलात प्रत्येक पारड्यात किती नाणी ठेवायची, हेही येथूनच निघते. पहिल्या तोलानंतर दोनच तोल उरतात, म्हणजे जास्तीत जास्त नऊ शक्यता निस्तरता येतात. तीन-तीन नाणी ठेवली आणि पारडी समतोल राहिली, तर बाहेरच्या सहा नाण्यांच्या बारा शक्यता उरतात. त्या आवाक्याबाहेर आहेत. पाच-पाच ठेवली आणि पारडे झुकले तर दहा उरतात, याही जास्तच. चार-चार ठेवली तर मात्र पारडी समतोल राहोत वा एक झुको, आठच शक्यता उरतात. तेव्हा सुरुवात चार-चारनेच करावी लागते, आणि हे कोणालाही न विचारता, कोणतेही पान न उलटता आपल्याला खात्रीने कळते.

पुढे जाऊन तेरा नाण्यांचा विचार करावा. शक्यता 26 होतात, म्हणजे अजूनही 27 च्या आतच; त्यामुळे जमेल असे वाटते. पण चार-चार ठेवली तर बाहेर पाच उरतात आणि त्यांच्या दहा शक्यता होतात. पाच-पाच ठेवली तर पारडे झुकल्यावर पुन्हा दहाच. खोटे नाणे कोणते हे तेरांतही तीन तोलांत सांगता येते, पण ते जड की हलके हे दर वेळी सांगता येईलच असे नाही. एका कोड्यातून दुसरे असे आपसूक फुटते. गोष्टीवजा कोड्याचा मात्र उत्तर कळले की निकाल लागला. लिफ्टमधल्या माणसाकडे परत जाण्याचे कारण उरत नाही. बारा नाण्यांकडे मी आजही परत जातो, कारण उत्तर ठाऊक असले तरी त्याची मांडणी दर वेळी नव्याने करावी लागते.

तर्ककोड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यांतली सगळीच सुरेख नसतात. पाच घरे, पाच रंग, पाच पाळीव प्राणी आणि झेब्रा कोणाचा, हे कोडे 1962 मध्ये एका नियतकालिकात छापून आले आणि तेव्हापासून त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. ते आइन्स्टाईनने रचले असे सर्रास सांगितले जाते, पण त्याला पुरावा नाही. पहिल्या वेळी ते छान वाटते. त्याच साच्यातली कोडी ओळीने सोडवू लागल्यावर तक्ता आखायचा, फुल्या मारायच्या आणि उरलेला चौकोन भरायचा एवढेच काम शिल्लक राहते आणि ते हिशेब तपासण्यासारखे होते. ज्या संग्रहात अशा तक्त्यांची भरती असेल, त्यापेक्षा मी गोष्टीवजा कोडीच घेईन. शिवाय तर्ककोड्याला कागद-पेन्सिल लागते, सलग वेळ लागतो आणि कोणी मध्येच हाक मारली की धागा तुटतो.

धूसरपणाचा आरोपही केवळ गोष्टीवजा कोड्यांवर ठेवणे न्याय्य होणार नाही. तीन दारे, एकामागे मोटार आणि दोहोंमागे शेळ्या, हा प्रश्न 1990 मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या सदरात आला. आपण एक दार निवडतो, सूत्रधार उरलेल्यांपैकी एक उघडून शेळी दाखवतो. आता निवड बदलावी का? बदलावी, असे त्यांनी उत्तर दिले आणि ते चूक असल्याचे सांगणारी हजारो पत्रे आली. उत्तर बरोबरच होते : बदलल्यास मोटार मिळण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते. पण त्यासाठी मोटार कुठे आहे हे सूत्रधाराला माहीत असणे आणि तो नेहमी शेळीचेच दार उघडणार असणे आवश्यक आहे. त्याने डोळे मिटून दार उघडले आणि योगायोगाने शेळी निघाली, तर बदलून काहीच फायदा नाही. शक्यता निम्मी-निम्मी राहते. ही अट स्पष्ट सांगितली नाही की तेथेही वाद उभा राहतो. फरक एवढाच की अट सांगताच वाद मिटतो. लिफ्टच्या कोड्यात कितीही अटी वाढवल्या तरी नव्या उत्तराला वाव राहतोच.

उलट, काही कोडी दोन्हीकडचे उत्तम ते घेतात. तीन ओळींत मांडलेले नऊ ठिपके, पेन्सिल न उचलता काढलेल्या चार सरळ रेषांनी जोडायचे, हे अनेकांनी पाहिलेले कोडे त्यांपैकी एक. ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर रेषा नेता येत नाही, हे गृहीतक मोडल्याशिवाय उत्तर सुचत नाही, म्हणून धक्का गोष्टीवजा कोड्याचा. आणि रेषा काढून झाल्या की नऊही ठिपके जोडले गेले हे डोळ्यांना दिसते, म्हणून खात्री तर्ककोड्याची. टोप्यांची कोडीही याच जातीची. स्वतःच्या टोपीचा रंग दिसत नसताना, दुसऱ्याला उत्तर सांगता आले नाही एवढ्यावरूनच तो ओळखायचा असतो. समोरच्याचे गप्प राहणे हीसुद्धा माहिती आहे, हे लक्षात येण्याचा क्षण मायर यांच्या दोरीइतकाच अवचित असतो.

या कोड्यांनी बुद्धी तल्लख होते असे मुखपृष्ठांवर लिहिलेले असते. मी त्यावर निवड करणार नाही. ज्या जातीची कोडी आपण सोडवतो त्याच जातीची पुढे लवकर सुटू लागतात, एवढे मी अनुभवाने म्हणू शकतो.

मुख्यतः मित्रमंडळींत किंवा घरच्यांबरोबर वेळ घालवायचा असेल, तर गोष्टीवजा कोडीच घ्यावीत. तेथे तर्ककोडे काढले की प्रत्येक जण आपापल्या कागदात डोके घालतो आणि बैठक मोडते. एकट्यासाठी हवी असतील, तर माझा कौल, थोड्या भिडेने का होईना, तर्ककोड्यांकडे जातो. संग्रह निवडताना कोडी वाचण्याऐवजी मागची उत्तरे आधी चाळावीत, हा माझा आग्रह राहील. कोडी वाचून मोह होतो. उत्तरांवरून संग्रहाची जात कळते. उत्तर एका ओळीत उरकले असेल तर बहुधा ते मान्यच करावे लागणार आहे. दुसरी कोणतीही शक्यता का टिकत नाही हे सांगितले असेल, तर संग्रह बिनधास्त घ्यावा.

सुरुवात खरे आणि खोटे बोलणाऱ्यांच्या कोड्यांपासून करावी, कारण त्यांना आकडेमोड लागत नाही. मग टोप्या, मग नाणी. जॉर्ज बूलोस यांनी 1996 मध्ये सर्वांत अवघड म्हणून मांडलेले तीन देवांचे कोडे मात्र घाईने हाती घेऊ नये. त्यात एक देव नेहमी खरे बोलतो, एक नेहमी खोटे आणि एक लहरीप्रमाणे काहीही; ते ‘दा’ आणि ‘जा’ असे उत्तर देतात, त्यांतला ‘हो’ कोणता हेही ठाऊक नसते, आणि तीन प्रश्नांत तिघांना ओळखायचे असते. पहिला प्रश्न लहरी नसलेला एक देव निश्चित करण्यासाठी खर्च करायचा, एवढी वाट दिसली तरी पुढची बैठक सत्कारणी लागते.