छोट्या पल्ल्याला पंख्याचं विमान की जेट?

मैत्रिणीपुढे पेच होता. दोन लहान विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर 300 किलोमीटर, एक पंख्याचं विमान, एटीआर 72, दुसरं जेट, एअरबस ए320. कुठलं घ्यावं?

आधी वेळ बघू. एटीआर ताशी 500 किमीच्या आसपास उडतं, ए320 साधारण 830. भागाकार केला तर 36 मिनिटं आणि 22 मिनिटं. पण हा हिशेब फसवा. जेटचा खरा वेग उंचावर गेल्यावर कामी येतो, आणि एवढ्याशा पल्ल्यात ते वर पोचतं न पोचतं तोच उतरायची वेळ होते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, उतरण्याआधीचा वळसा, हे तर दोघांनाही चुकत नाही. शेवटी उरतात दहाएक मिनिटं. तेवढी बॅगेच्या पट्ट्याशी उभं राहण्यातही जातात! अंतर 1,000 किमी असेल तर मात्र पाऊण तासाचा फरक पडतो.

आरामात जेट पुढे. एटीआर 25,000 फुटांच्या वर जात नाही, म्हणून खराब हवेत हादरे जास्त. पंख्यांच्या रेषेतल्या रांगांत घरघरही असते, मागे कमी. पण दोन-दोनच आसनं, मधे अडकायची भीती नाही. डोक्यावरचे कप्पे मात्र लहान.

तिला म्हटलं, 400 किमीच्या आत असेल तर सोयीची वेळ बघ, विमान कुठलंही चालेल. हादऱ्यांनी मळमळत असेल किंवा पल्ला लांबचा असेल, तर जेटच.