राम आळीतल्या टेलर काकी: टीव्हीवरची फॅशन आपल्या अंगाला बसवून देणारं दुकान

रत्नागिरीत कपडे घ्यायचे म्हटलं की सगळे राम आळीतल्या मोठ्या दुकानांत शिरतात, पण मी लिहितेय ते आतल्या बोळातल्या एका छोट्या गाळ्याबद्दल. पाटीवर नुसतं 'लेडीज जेन्ट्स टेलर' एवढंच आहे. दोन शिलाई मशीन, एक इंटरलॉकचं, कटिंगचं टेबल आणि भिंतीवर टीव्ही, जो दिवसभर चालू असतो आणि त्यावर बहुतेक वेळा हास्यजत्राच लागलेली असते. काकी शिवताना फक्त ऐकतात, पण एखादं गिऱ्हाईक टीव्हीकडे बोट दाखवून "अस्संच पायजे" म्हणालं की मशीन थांबवतात, चष्मा वर करतात आणि नीट बघतात. कॉलर कशी आहे, खांदा कुठे उतरलाय, घेर किती. मग गिऱ्हाइकाकडे बघतात, तेवढंच नीट. मला ह्या दुकानाबद्दल जे काही सांगायचंय ते ह्या दुसऱ्या बघण्याबद्दल आहे.

आम्ही लहान असताना नवीन फॅशन गावात यायची ती गणपतीला, चाकरमान्यांबरोबर. मुंबईहून आलेल्या आत्तेभावाची जीन्स बघून पोरं पुढचं वर्षभर तशीच मागायची. आता तसं राहिलंच नाही, आमच्या वाडीतल्या पोराला रात्री टीव्हीवर जे दिसतं ते सकाळी हवं असतं. महाराष्ट्राची हास्यजत्रा २०१८ ला सोनी मराठीवर सुरू झाली, त्याआधी २०१४ पासून झी मराठीवर चला हवा येऊ द्या होतं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या वयाची पोरं हे बघतच मोठी झालीत. कॉमेडी बघता बघता कपडे पण बघतात. गौरव मोरेचे लांब केस आणि भडक शर्ट बघून आमच्याकडे चार पोरांनी केस वाढवलेत. प्राजक्ता माळीच्या साड्या, नथ, पारंपरिक दागिने (तिने तर दागिन्यांचा स्वतःचा ब्रँडच काढला) बघून कॉलेजच्या मुली खणाचं काहीतरी शिवायचंच म्हणून बसतात. आणि आपल्या चिपळूणचा ओंकार भोजने स्टेजवर आला की घरातले सगळे हातातलं काम सोडून येतात, तो तर आपलाच.

तर ह्या वर्षी वाडीतल्या पोरांनी गणपतीत स्किट बसवलं, त्यासाठी आणि एरवी घालायला म्हणून भावाला बॅगी जीन्स हवी होती. त्याने काकींना मोबाईलवर फ्रेंड्समधला फोटो दाखवला. ती सिरीयल १९९४ ला सुरू झाली आणि २००४ ला संपली, तेव्हा हा जन्मला पण नव्हता, आणि आता ती बघून ह्याला तेव्हाच्या ढगळ पँटी हव्यात! काकी म्हणाल्या, "ह्या मी शिवलेल्या आहेत रे बाबू, तेव्हा हम पाँच लागायची, त्यातल्या काजलभाईसारखे कपडे हवेत म्हणून मुली यायच्या." हम पाँच ही हिंदी सिरीयल १९९५ ची, काजलभाई म्हणजे त्यातली मुलांसारखी राहणारी मुलगी. म्हणजे काकींच्या हाताखालून ही फॅशन एकदा जाऊन परत आलेली आहे, त्यांना कट समजवावा लागलाच नाही.

पण त्यांनी जीन्सचं कापड घेऊ दिलं नाही. "श्रावण-भादव्यात जाड डेनिम तीन दिवस वाळत नाय, आणि एवढा घेर चिखलात लोळणार." त्यांनी सुती ड्रिल घ्यायला लावलं, तसाच ढगळ कट, खालची मोहरी फोटोपेक्षा दोन इंच कमी आणि आत मार्जिन सोडलेलं, पुढे उंची वाढली तर सोडता येईल. भाऊ आधी तोंड पाडून बसला होता. आता आठवड्यातले चार दिवस तीच पँट घालतो. रात्री धुतली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घालता येते, आमच्याकडच्या पावसात ही किती मोठी गोष्ट आहे हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

आता माझं. माझं अंग भरलेलं आहे आणि कपड्यांच्या दुकानात जायचं म्हणजे मला नको व्हायचं. एका दुकानात सेल्समनने सगळ्यांसमोर ओरडून "हिच्या मापाचं नाय आपल्याकडे" म्हटलेलं, ते मी विसरलेली नाही. मग एका ॲपवरून को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचा टॉप आणि पँट) मागवला, तो मुंढ्यात रुतला आणि कापड सिंथेटिक, एस्टीत अर्ध्या तासात पाठीला चिकटलं, परत करायला गेले तर आमच्या गावाला पिकअपच नाही. काकींनी माप घेतलं ते पडद्यामागे, एकही आकडा तोंडाने न बोलता वहीत लिहिला. मी म्हटलं काकी थोडं बारीक झाल्यावरच शिवूया का. त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "बाय, कपडा तुझ्या मापाचा करायचा, तुला कपड्याच्या मापाची नाय करायची." टीव्हीवर तेव्हा नेमकी हास्यजत्रेतली वनिता खरात होती. २०२१ मध्ये तिने बॉडी पॉझिटिव्हिटीसाठी जे फोटोशूट केलं त्याने माझ्यासारख्या किती मुलींना बळ आलं असेल, आणि ती स्टेजवर आली की तिच्या टायमिंगसमोर बाकी काही दिसतच नाही. काकी तिच्याकडे बघून म्हणाल्या, बघ खांद्यात कसं बरोबर बसलंय.

मी आजीच्या पेटीतले ओटीत आलेले पाच खण घेऊन गेले होते, त्याचं बिनबाह्यांचं जॅकेट हवं होतं. खणाचा पन्हा मुळातच कमी, कारण ते कापड चोळीसाठीच विणायचे, तिकडे कर्नाटकात गुळेदगुड्डला. त्यामुळे माझ्या मापाला जोड द्यावाच लागणार होता. काकींनी दोन जांभळे खण पाठीला जोडले आणि जोडावर खणाचाच काठ उभा बसवला, आता तो जोड डिझाईनच वाटतो. बाकीचे मोरपंखी पुढच्या बाजूला. आतून मऊ मलमलचं अस्तर, कारण खण नुसता अंगाला टोचतो. आणि शिवायच्या आधी सगळं कापड एक रात्र पाण्यात भिजवून वाळवून घेतलं, त्यात एका खणाचा रंग सुटला तो त्यांनी बाजूला काढला आणि मला फोन करून सांगितलं. आजी ते जॅकेट हातात घेऊन बराच वेळ काठावरून बोट फिरवत होती. त्यातला एक खण तिच्या डोहाळजेवणातला निघाला.

शिलाई जॅकेटची अस्तरासकट ७०० आणि पँटची ४५०. रेडीमेडपेक्षा जास्त वाटेल पण कापड टिकतं आणि उसवलं तर काकी फुकट टीप घालून देतात.

तक्रार आहे ती वेळेची आणि ती खरी तक्रार आहे. नारळी पौर्णिमेला कापड दिलं, गणपतीच्या आठ दिवस आधी देते म्हणाल्या आणि हातात पडलं हरतालिकेला संध्याकाळी. तीन फेऱ्या झाल्या, पावसातून, प्रत्येक वेळी "फक्त काज-बटण राहिलंय". भावाच्या पँटचा एक खिसा इतका उथळ की मोबाईल बाहेर येतो, तो परत करून घ्यावा लागला. काकी एकट्या आहेत, मदतीला एकच मुलगी, हे मला कळतं, पण मग ऑर्डर कमी घ्याव्यात किंवा खरी तारीख सांगावी. मी हे त्यांना तोंडावर पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आता वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारीख लिहायला लागल्यात.

जायचं असेल तर दुपारी दोन ते चार जाऊ नका, बंद असतं. गणपतीचं शिवायचं असेल तर आषाढातच कापड द्या, शिमग्याचं असेल तर संक्रांत झाली की लगेच. फोटो मोबाईलवर दाखवा, पण कापड काकींना विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. मी दिवाळीसाठी ब्लाउजचं कापड देऊन आलेय, वहीत माझ्या नावापुढे धनत्रयोदशीच्या चार दिवस आधीची तारीख आहे.