टीएचपी-१ की रक्तातून वाढवलेले मॅक्रोफेज?

क्षयाचा जिवाणू मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीच्या, आत कसा तग धरतो, यावर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं: टीएचपी-१ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी घेऊ, की रक्तदात्यांच्या मोनोसाइटपासून (ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) मॅक्रोफेज वाढवू?

खर्च आणि मेहनतीत टीएचपी-१ सरळ पुढे. या पेशी वाढतच राहतात. पीएमए हे रसायन दिलं की दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेजसारख्या होऊन तळाला चिकटतात. रक्तातल्या मोनोसाइटना सुमारे आठवडा लागतो, शिवाय दात्यांची संमती हवी.

खरा प्रश्न विश्वासार्हतेचा. फॅगोसोम (गिळलेला जंतू ज्यात असतो ती पिशवी) आणि लायसोसोम (पेशीतली पाचक रसांची पिशवी) यांचं मीलन जिवाणू रोखतो, हे दोन्हींत पाहता येतं. पण टीएचपी-१ मूळची ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची), आणि पीएमए स्वतःच तिला चेतवतं. दाहाचे संकेत मोजताना मी तिच्या एकटीच्या भरवशावर राहणार नाही. रक्तातल्या पेशींचे निकाल दात्यागणिक बदलतात. तो मला दोष वाटत नाही, माणसंही संसर्गाला वेगवेगळी तोंड देतात. मात्र फुफ्फुसाच्या वायुकोशांतले मॅक्रोफेज या दोन्हींहून निराळे, हे विसरू नये.

भरपूर औषधं चाळायची असतील किंवा जनुकं बंद करून पाहायची असतील, तर टीएचपी-१. पेशीचा प्रतिसादच समजून घ्यायचा असेल, तर रक्तातले मॅक्रोफेज, तेही अनेक दात्यांचे.