आर्चटॉप गिटार घ्यायचीय? आधी वाजवून बघायला कुठे जायचं: न्यूयॉर्क, नॅशव्हिल की मिशिगन

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जॅझकडे वळलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना पडणारा प्रश्न आहे हा, की फ्लॅट टॉप अकूस्टिक तर कुठल्याही दुकानात दहा-वीस लटकलेल्या असतात, पण आर्चटॉप (पुढची फळी, म्हणजे टॉप, सपाट नसून व्हायोलिनसारखी फुगीर असते ती गिटार) हातात घेऊन नीट वाजवून बघायची तर जायचं कुठे? माझं मत आधीच सांगून टाकते. दुकान कुठलं हे नंतर ठरतं, आधी तुम्हाला लॅमिनेट टॉपची हवीय की कोरलेल्या टॉपची हे ठरवा, कारण त्यावर सगळी धावपळ अवलंबून आहे.

लॅमिनेट म्हणजे प्लायसारखे थर दाबून बनवलेला टॉप. गिब्सनने १९४९ मध्ये ईएस-१७५ आणली ती याच जातीची, आणि जॅझचा तो जाड, गोल आवाज आपण ज्याला म्हणतो तो बराचसा तिथूनच आलाय. या गिटारी अॅम्पमधून ऐकायच्या असतात, फीडबॅक (अॅम्पचा आवाज गिटारीत परत शिरून येणारी शिट्टी) कमी देतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन गिटारींमध्ये फार फरक पडत नाही. त्यामुळे आयबानेझ आर्टकोरसारखी चार-सहाशे डॉलरच्या घरातली गिटार तुम्ही परत करायची सोय बघून ऑनलाइन मागवलीत तरी काही बिघडत नाही. कोरलेल्या टॉपचं तसं नाही. तिथे स्प्रूसच्या जाड फळ्या व्हायोलिनसारख्या कोरून पातळ केलेल्या असतात (गिब्सनची एल-५, १९२२ पासूनची, ही यातली मूळ पुरुष), आणि लाकूड, जाडी, आतल्या पट्ट्या या सगळ्यामुळे एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तरी एक बोलते आणि दुसरी गप्प बसते. ही जात न वाजवता घेऊ नका, कितीही चांगले फोटो असोत.

आधी घराजवळची मोठी चेनची दुकानं. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका पण अगदी टाळूही नका. सॅम अॅश तर शंभर वर्षांनी २०२४ मध्ये सगळी दुकानं बंद करून गेलं, जे उरलेत त्यांच्याकडे आर्चटॉप असल्याच तर आयबानेझ, एपिफोन, ग्रेच, नव्या डी'अँजेलिको अशा, बहुतेक लॅमिनेट, भिंतीवर उंच टांगलेल्या, आणि तारा जुन्या नाहीतर एकदम बारीक. शेजारी कोणीतरी फुल डिस्टॉर्शन लावून बसलेला असतो, तिथे आवाजाचा निर्णय होऊच शकत नाही. पण एक काम तिथे फुकटात होतं, ते म्हणजे माप. सोळा इंची बॉडी आणि सतरा इंची बॉडी यात कागदावर इंचभराचा फरक दिसतो, पण उजवा खांदा आणि कोपर अर्ध्या तासात खरं काय ते सांगून टाकतात, विशेषतः उंची कमी असेल तर. मधल्या वारी सकाळी जा, स्टूल मागा, पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसून वाजवा. एवढं घरच्या जवळ उरकून घेतलं की पुढच्या प्रवासात वेळ वाया जात नाही.

आता न्यूयॉर्क. खरं तर हे आर्चटॉपचं माहेरघरच, जॉन डी'अँजेलिको इथेच केनमेअर स्ट्रीटवर बसून गिटारी बनवायचा आणि १९६४ मध्ये तो गेल्यावर त्याचा शिष्य जिमी डी'अक्विस्टोने ते काम पुढे नेलं. पण आज खरेदीला जाणाऱ्याने जुन्या आठवणींवर जाऊ नये. ४८व्या रस्त्यावरची ती प्रसिद्ध वाद्यांची रांग संपली, स्टॅटन आयलंडचं मँडोलिन ब्रदर्स २०१७ मध्ये बंद झालं, आणि त्याची जागा घेणारं तसं दुसरं दुकान शहरात झालं नाही असं मला मनापासून वाटतं. राहिलेल्यांपैकी दोन बघण्यासारखी. सोहोमधलं रूडीज, जे आधी ४८व्या रस्त्यावरच होतं, तिथे वरच्या दर्जाच्या गिटारी आणि वातावरण शांत, पण खिसा तसा हवा. आणि ब्रुकलिनचं रेट्रोफ्रेट, जुन्या वाद्यांचं दुकान, दुरुस्तीचं वर्कशॉप सोबतच, त्यामुळे कुठली गिटार उघडली, काय चिकटवलं, काय बदललं हे सांगू शकणारी माणसं तिथेच असतात. माझ्या लेखी न्यूयॉर्कमध्ये पहिली पसंती रेट्रोफ्रेटला. एडिसन, जर्सी सिटीकडच्या लोकांना तर सकाळी ट्रेनने जाऊन संध्याकाळी घरी, हॉटेलचा खर्च नाही, आणि आवडलेली गिटार मनात ठेवून पुढच्या शनिवारी परत जाऊन पुन्हा वाजवता येते, हा फायदा लहान नाही. कमतरता एवढीच की एका वेळी निवड मर्यादित, तुम्हाला हव्या त्या मॉडेलच्या दोन-तीन शेजारी शेजारी मिळतीलच असं नाही.

ती निवड हवी असेल तर नॅशव्हिल. ग्रून गिटार्स १९७० पासून आहे, जॉर्ज ग्रून म्हणजे जुन्या अमेरिकन वाद्यांची ओळख पटवण्यात मोठं नाव, आणि त्यांच्याकडेच आधी काम केलेल्या वॉल्टर कार्टर यांनी सुरू केलेलं कार्टर व्हिंटेज त्याच शहरात, म्हणजे एका दिवसात दोन्ही होतात. लोकांना नॅशव्हिल म्हटलं की कंट्री आठवतं, पण जुन्या गिब्सन, एपिफोन आर्चटॉप तिथे नेहमी फिरत असतात, एल-७, एल-५, कधी अठरा इंची सुपर ४०० सुद्धा, शिवाय एल-५० आणि ईएस-१२५ सारख्या थोड्या परवडणाऱ्या. जायच्या आधी फोन करून कुठल्या गिटारी वाजवायच्यात ते सांगा, त्या काढून ठेवायला आणि ताज्या तारा चढवायला सांगा. आणि शनिवार-रविवार टाळा, शहरच पर्यटकांनी भरलेलं असतं.

जुनी गिटार हातात आली की वाजवायच्या आधी बघायच्या गोष्टी सांगते, कारण इथेच पैसे वाचतात किंवा जातात. ब्रिज म्हणजे टॉपवर तारा टेकतात तो लाकडी तुकडा, त्याच्या खालच्या दोन चक्र्या बघा, त्या अगदी तळाला टेकवल्यात आणि तरी तारा नेकवर उंच आहेत म्हणजे नेकचा कोन बिघडलाय, आज ना उद्या नेक काढून परत बसवायला लागणार आणि ते काम शेकड्यांत जातं. मग पिकगार्ड, म्हणजे तारांशेजारची प्लास्टिकची पट्टी. जुनं सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) कुजायला लागलं की त्याला एक आंबूस, डोळ्यांत जाणारा वास येतो, कडा चुरा होतात, आणि त्याच्या जवळचं धातूचं सामान हिरवट पडतं, केस उघडल्या उघडल्या हा वास आला तर बाइंडिंगही (बॉडीच्या कडेची पट्टी) नीट तपासा. मोबाईलचा टॉर्च एका एफ-होलमधून (टॉपवरचं f आकाराचं भोक) आणि दुसऱ्यातून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, आतल्या पट्ट्या सुटल्यात का ते दिसतं, आणि टॉपवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत गेलं की सुटलेल्या जागी खरखर ऐकू येते (दुकानदाराला विचारून करा हे). त्यानंतरच वाजवायला घ्या, आणि अॅम्प न लावता. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवा, एखादा सूर एकदम मोठा येऊन लगेच मरतोय का ते ऐका. कुठल्या तारा आहेत तेही विचारा, कोरलेल्या टॉपवर दहाच्या (पहिली तार ०.०१० इंचाची) बारीक तारा असतील तर ती गिटार तुम्हाला अर्धीच ऐकू येतेय, बाराच्या तरी हव्यात. ब्रिज चिकटवलेला नसतो, तो सरकलेला असला तर वरच्या फ्रेटवर सूर बेसूर लागतात, तेवढ्यावरून गिटार नाकारू नका, सरळ करून मागा.

मिशिगनचं लॅन्सिंग हे नाव ऐकून कोणी उत्साहाने उठत नाही, पण नवी कोरलेली आर्चटॉप घ्यायची असेल तर माझं मत तिकडेच. एल्डरली इन्स्ट्रुमेंट्स १९७२ पासूनचं दुकान, नवं-जुनं दोन्ही, स्वतःचं दुरुस्ती खातं, आणि मुख्य म्हणजे तिथे ईस्टमन मिळते. ईस्टमनच्या गिटारी चीनमध्ये हाताने कोरून बनतात आणि सॉलिड स्प्रूस, सॉलिड मेपलची गिटार गिब्सनच्या एल-५ च्या किमतीच्या जवळपासही न जाता हातात येते, मात्र एकेका गिटारीत फरक असतोच, म्हणूनच दुकानात बसून वाजवायचं. लोक तिथे बँजो, मँडोलिन, फिडल घ्यायला येतात, त्यामुळे अकूस्टिक आवाज ऐकायची सवय दुकानालाच आहे, गिटार अॅम्पला न लावता वाजवली तर कोणी विचित्र नजरेने बघत नाही. शिवाय तिथून गाडीने सव्वा-दीड तासावर कॅलमझू. गिब्सन १९८४ मध्ये तिथला कारखाना बंद करून नॅशव्हिलला गेली, पण काही जुने कारागीर हलले नाहीत आणि १९८५ मध्ये त्यांनी पार्सन्स स्ट्रीटवरच्या त्याच इमारतीत हेरिटेज ही गिटार कंपनी सुरू केली. कारखाना बघता येईल का हे आधी विचारून जा. डेट्रॉइट किंवा शिकागोकडे राहणाऱ्यांनी तर विमानाचा विचारच करू नये, गाडी काढा. फक्त ऐन हिवाळा टाळा, कोरड्या हवेत कोरलेला टॉप आकसतो, तडा जाऊ शकतो, आणि गाडीतून थंडगार झालेली केस घरात आणल्यावर लगेच उघडायची नाही, काही तास तशीच राहू द्या.

नॅशव्हिलहून विमानाने आणणार असाल तर अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे की चढताना जागा असेल तर एअरलाइनने गिटार केबिनमध्ये घेऊ द्यायची, म्हणून लवकर बोर्डिंगचे थोडे पैसे भरलेले बरे. सामानात टाकायची वेळ आली तर तारा थोड्या सैल करा आणि ब्रिजखाली मऊ कापड घाला.

प्रवास शक्यच नसेल तर घरपोच ट्रायल. बरीच चांगली दुकानं एक-दोन दिवस घरी वाजवून बघायला देतात, नाही आवडली तर परत, पण पाठवायचा खर्च सहसा आपल्या माथी. महागड्या गिटारीसाठी दोन्ही बाजूंचा विमा आणि परतीची अट लेखी घ्या. याचा एक मोठा गुण म्हणजे आपली खोली, आपला अॅम्प, आपली शांतता. तोटा म्हणजे शेजारी ठेवायला दुसरी गिटार नाही, आणि खोका दारात आला की मन "ठेवूनच घेऊ" म्हणायला लागतं.

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी थोडं वेगळं. धोबी तलावचं फुर्टाडोज १८६५ पासूनचं, पण कोरलेली आर्चटॉप आपल्याकडच्या दुकानात मिळणं अवघड, मिळते ती लॅमिनेट. नवल वाटावं असं आहे हे, कारण आपल्या शास्त्रीय संगीतात आर्चटॉप चांगली रुळलेली आहे, ब्रिजभूषण काब्रांनी गिब्सन सुपर ४०० वर राग वाजवले आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा मुळात आर्चटॉपच. मुलांकडे अमेरिकेला जाणार असाल आणि तिकडून आणायचा विचार असेल तर नवी लॅमिनेट इथेच घ्या, कोरलेलीसाठी तिकडचा दिवस राखून ठेवा. आणि जुनी घेताना फिंगरबोर्ड कशाचा ते नक्की विचारा. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच गिब्सनवर ब्राझिलियन रोजवुड आहे, ते लाकूड १९९२ पासून सायटिस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सगळ्यात कडक यादीत आहे आणि देशाबाहेर नेताना परवान्याचा प्रश्न येतो. एल-५ आणि सुपर ४०० चा फिंगरबोर्ड एबनीचा असतो, तिथे ही अडचण नाही, तरी ब्रिज आणि हेडस्टॉकवरचं लाकूडही कशाचं आहे हे दुकानाकडून बिलावर लिहून घ्या.