ट्रेबल की असिस्ट? कातळावरून जिग टाकणाऱ्यांसाठी

बाजारातल्या बऱ्याच जिगच्या (धातूच्या जड, माशासारख्या आमिषाच्या) शेपटीला ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ, लावलेलाच येतो, म्हणून पुष्कळ जण तो तसाच ठेवतात. मीही दोन हंगाम ठेवला. आज माझ्या डब्यातल्या दहातल्या आठ जिगना पुढे, डोक्याकडे, एकेरी असिस्ट (आखूड दोरीवर बांधलेला गळ) आहे. उरलेल्या दोघींना ट्रेबल का, तेही सांगतो.

माझं गरवणं गुहागर-रत्नागिरीकडे, कातळावरून, ३० ते ४० ग्रॅमच्या जिगने. होडीतून खोल पाण्यात जिग मारणाऱ्यांचा हिशेब वेगळा.

ट्रेबलची बाजू आधी. जिग सरळ आणि वेगात ओढली की मासा मागून धावत येतो, शेपटीलाच तोंड घालतो. बांगडा, टोळ, लहान कोकर यांना तीनातलं एखादं टोक लागतंच. बाळ्याच्या (पट्टीसारख्या लांब माशाच्या) दातांपुढे तर असिस्टची दोरी टिकत नाही, मग ती केव्हलारची का असेना. संध्याकाळी बाळे लागलेत असं कळलं की मी मुकाट्याने ट्रेबलवाली जिग काढतो.

पण झटके देत उचलायची आणि सैल सोडायची, असं खेळवणार असाल तर चित्र पालटतं. मासा ती पडताना घेतो, आणि माझ्या अनुभवात बरेचदा डोक्याकडून. शिवाय शेपटीकडे जड असलेली जिग शेपटीवरच खाली जाते, म्हणजे ट्रेबल थेट कालवं लागलेल्या खडपात. असिस्ट वर असल्याने पुष्कळदा वाचतो. तरी जिग जातातच हो, असिस्ट लावला म्हणून जात नाहीत असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मासा डोकं झटकतो तेव्हा ट्रेबलवर जिगचं सगळं वजन तरफेसारखं येतं, दोरीवरचा गळ मात्र मोकळा फिरतो. मासे सुटायचे कमी झालेत असं मला वाटतं. मोजदाद काही ठेवलेली नाही.

एवढ्यावर मी बदललो नसतो. बदललो तो जाळीमुळे. भरती चढत होती, पायाखाली शेवाळ, आणि दीडेक किलोची कोकर कशीबशी जाळीत घेतली. ट्रेबलचं एक टोक तिच्या जबड्यात, दुसरं जाळीच्या धाग्यात, आणि ती फडफडली तसं तिसरं माझ्या अंगठ्यात. उलट्या काट्यापर्यंत गेलं नाही हे नशीब. अंगठा सुटला, कोकर सुटली, जाळी काही सुटेना. समोर मासे उसळताहेत आणि मी डोक्याच्या बॅटरीच्या उजेडात एकेक धागा कापत बसलोय! अर्ध्या तासाने जिग हातात आली तेव्हा पाणी शांत झालं होतं. असं त्या हंगामात तीनदा झालं.

असिस्टची स्वतःची कटकट आहेच. फेकताना गळ लीडरला (मुख्य दोराच्या टोकाला जोडलेल्या जाड दोरीला) गुंडाळतो आणि जिग लाकडासारखी आडवी परत येते. जिग पाण्यात पडायच्या जरा आधी रिळाच्या स्पूलला बोट टेकवून दोर रोखला तर ती सरळ होते. दोरी ताठ आणि आखूड हवी: गळ लटकला की टोक जिगच्या मध्याच्या वरच राहिलं पाहिजे. गळाचं तोंड जिगच्या रुंदीपेक्षा मोठं हवं, नाहीतर टोक तिच्या अंगालाच चिकटतं. ४० ग्रॅमला मी १/० लावतो.

जोडताना लीडर सॉलिड रिंगला (फट नसलेल्या अखंड कडीला) बांधा. असिस्टचा फास त्याच रिंगमधून घालून, फासातून गळ ओवून ओढून घ्या. जिग तेवढी स्प्लिट रिंगने (किल्ल्यांच्या कडीसारख्या दुहेरी वेढ्याच्या कडीने) खाली. म्हणजे माशाची ओढ थेट गळावरून लीडरवर जाते. असिस्ट स्प्लिट रिंगमध्ये अडकवणारेही भेटतात, पण तिच्या फटीत दोरी शिरली की कापली जाते.

शेपटीला एकेरी गळ हा मधला मार्ग वाईट नाही, मी वेगात ओढायच्या दिवशी तो लावतो. ट्रेबलच ठेवायचा असेल तर उलटे काटे पकडीने दाबून टाका आणि रबरी जाळी घ्या. तेही मी करून पाहिलं. गळ अडकत नाही हे खरं, पण रबरी जाळी जड. ओला कातळ उतरताना एक हात तिच्यात गुंतलेला मला तरी नको वाटतो.