शाई की अ‍ॅक्रिलिक? पाण्यात रंग सोडून फोटो काढताना

पाण्यात पसरणाऱ्या रंगाचे फोटो काढून त्यावरून चित्र करायचं, तर बेळगावात शहापूर-टिळकवाडीच्या दुकानांत दोन्ही गोष्टी मिळतात: फाउंटन पेनची शाई आणि अ‍ॅक्रिलिक रंग.

शाई स्वस्त, पण पाण्यात विरघळणारी. थेंब खाली जाताना त्याचं कडं होतं, कडं फुटून बारीक धागे सुटतात, धाग्यांच्या टोकाला पुन्हा छोटी कडी. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. मग अख्खी काचपेटी निळी, बदला पाणी! रेखाटन करणाऱ्याला मात्र हेच धागे हवेत.

अ‍ॅक्रिलिकमधले रंगकण विरघळत नाहीत. पाण्याने पातळ करून सिरिंजने सोडलं की घड्या पडलेले घट्ट लोट उतरतात. फोटो उलटा धरा, खानापूरच्या जंगलावर चढलेला आषाढातला ढगच! रंगचित्रासाठी माझं मत यालाच.

उजेडासाठी पावसाळ्यात खिडकीच्या भरवशावर राहू नका. पेटीमागे बटर पेपर, त्यामागे फ्लॅश, कॅमेऱ्याचं शटर १/२०० सेकंदावर. आणि नळाचं पाणी आधी तासभर ठेवून द्या, नाहीतर काचेला बुडबुडे चिकटतात.